पाटलिणीची अकोला फेरी

"मी पुन्याले येत नाई," देवानंदराव म्हणाले आणि तळहातावरची ज्वारी त्यांनी पाटलिणीच्या चोचीजवळ आणखी थोडी सरकवली.

पार्बताबाई मागच्या दारात डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन उभ्या होत्या. पुण्यात त्यांची एकुलती एक मुलगी गीतांजली दुसऱ्या बाळंतपणाला टेकली होती. येत्या सोमवारची दोन तिकिटं काढून झाली होती. आणि मंगळवारी सकाळी मुलीचा बाप मागच्या अंगणात मांडी घालून एका कोंबडीची मनधरणी करत बसला होता.

"काहून येत नाई?"

"ही जेवत नाई ना."

"कोन ही?"

"पाटलीण."

पार्बताबाईंनी डबा खाली ठेवला. भांडायला दोन्ही हात मोकळे हवेत असा त्यांचा नेम होता. "पोरीच्या बाळंतपनापक्षा कोंबडी मोठी झाली काय तुमाले?"

"मोठी नाई व. पन पोरीजवळ जावई हाय, डाक्टर हाय, तू जाऊन राहिली. हिच्याजवळ कोन हाय?"

यावर पार्बताबाई जास्तच चिडल्या.

पाटलीण म्हणजे काय चीज होती हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सात वर्षांपूर्वी देवानंदराव दर्यापूर-अकोला गाडीवर कंडक्टर होते. एकदा नात खुशी सुट्टीत येणार म्हणून त्यांनी अकोल्याच्या बाजारातून तीन रंगवलेली पिल्लं आणली. एक हिरवं, एक पिवळं, एक गुलाबी. अशी पिल्लं आठवडाभर जगतात आणि मुलांना रडायला शिकवून जातात. हिरवं आणि पिवळं शिरस्त्याप्रमाणे गेली. गुलाबी मात्र गुलाबीपणा टाकून तांबडं झालं, वाढलं, आणि अंगणातून अशा रुबाबात चालू लागलं की शेजारच्या शकीलानंच तिचं नाव पाटलीण ठेवलं. सात वर्षांत या कोंबडीनं सात उन्हाळे काढले, मुंगूस पाहिलं, बोका पाहिला, दोनदा साथीचा रोग पाहिला. एवढंच काय, जावयाचे चार मुक्काम पाहिले. दर्यापुरात जावई घरी आल्यावर कोंबडीनं जिवंत राहणं ही साधी गोष्ट नाही.

पण दिवाळीनंतर तिची शेवटची जोडीदारीण, एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी, मुंगसानं नेली. तेव्हापासून पाटलीण खुराड्याच्या कोपऱ्यात मान पोटात घालून बसायची. खायची ती फक्त देवानंदरावांच्या हातातून, आणि तेही त्यांनी बोलत राहिलं तर. ते गप्प झाले की तीही थांबायची. गेल्या चार दिवसांत तर तिनं बोलण्यालाही दाद दिली नव्हती. छातीचं हाड हाताला लागत होतं.

जनावरांच्या दवाखान्यात तिला पिशवीतून नेऊन झालं होतं. तिथल्या जुन्या कंपाउंडरनं तिला उलटी केली, सुलटी केली, डोळे पाहिले आणि परत पिशवीत घातली. "काई बिमारी नाई हिले. एकटी पडली. सोबत आना."

"माह्या संगं तं राह्यते ना ते," देवानंदराव म्हणाले होते.

"तुमी कोंबडी हाय काय?" कंपाउंडरनं विचारलं.

हा प्रश्न देवानंदरावांना फार लागला होता.

सोबत मिळणं अवघड नव्हतं. शकीलाचा नवरा इनायतुल्ला आपल्या मालाच्या तीनचाकी ऑटोतून अकोल्याहून फळं आणायचा, आणि शकीलाचं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरात होतं. तिचा भाऊ हसनैन कोंबड्या पाळायचा. बुधवारी दुपारी इनायतुल्ला केळीच्या क्रेटांबरोबर चार तलंगा घेऊन आला. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या, तरण्या कोंबड्या. दोन पांढऱ्या, एक काळी आणि एक उघड्या मानेची. चौघीही डोळ्यांत तेज असलेल्या, कुणाला न विचारणाऱ्या.

"सोडा बिनधास," इनायतुल्ला म्हणाला. "बाया बायायतल्या बायायत घेतेत समजून."

देवानंदरावांनी सोडल्या.

यानंतर जे झालं ते पाहायला अर्धी गल्ली भिंतीवर चढली. चार दिवस मान टाकून बसलेली पाटलीण उठली. ती फुलली, इतकी फुलली की दुप्पट दिसू लागली, आणि तिनं उघड्या मानेचीला असा टोला दिला की ती तुळशीवरून पलीकडे गेली. मग काळीला. मग दोन्ही पांढऱ्यांना एकाच झेपेत. मरायला टेकलेल्या या जिवात एवढं बळ कुठून आलं हे कुणालाच कळेना. देवानंदरावांच्या अंगावर काटा आला. "पायलं काय? पायलं काय?" असं ते भिंतीवरच्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारत होते.

पण चार म्हणजे चार असतात. पाच मिनिटांत तलंगांनी हिशेब बरोबर केला. शेवटी पाटलीण बाजेखाली शिरली आणि तिच्या तुऱ्यातून रक्त येऊ लागलं. देवानंदरावांनी बाजेखाली आडवं होऊन हात घातला तेव्हा ती सरकत सरकत त्यांच्या काखेत येऊन बसली. तिचं काळीज किती जोरात उडत होतं ते त्यांना सदऱ्यातून कळत होतं.

"मारली मी हिले," ते बाजेखालूनच म्हणाले. "मीच आनल्या त्या."

पार्बताबाईंनी हळद आणून दिली.

गुरुवार देवानंदरावांचा आणि शुक्रवार पार्बताबाईंचा असे दोन प्रयोग झाले. देवानंदरावांचं म्हणणं असं की भांडण जागेचं आहे. खुराड्यात बसायला एकच बांबूची दांडी होती आणि तिच्यावर भिंतीकडची जागा सात वर्षं पाटलिणीची होती. तलंगांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. म्हणून त्यांनी त्या जागेवर आपला रुमाल टाकला. खिडकीतून सीटवर रुमाल पडला की ती जागा धरली, हा कायदा त्यांच्या माहितीप्रमाणे अख्ख्या महाराष्ट्रात चालत होता. पुढाऱ्यांनासुद्धा तो मोडताना त्यांनी पाहिलं नव्हतं. उघड्या मानेची आली, रुमालावर बसली आणि रुमालाचं जे करायचं ते करून मोकळी झाली.

"रुमालालेबी मानत नाई!" देवानंदराव हादरून म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत असा प्रवासी त्यांना भेटला नव्हता.

पार्बताबाईंना हा प्रकार वासाचा वाटत होता. त्यांच्या माहेरी एका शेळीचं पिल्लू दुसरीला लावायचं असलं की दोघांच्या अंगाला एकच वास लावत. त्यांनी पाचही कोंबड्यांच्या पंखांना कापूर घातलेलं खोबरेल चोळलं. कल्पना चुकीची नव्हती. पाचही जणींना एकच वास येऊ लागला. परिणाम एवढाच झाला की आतापर्यंत चौघी मिळून एकीला मारत होत्या, त्या आता ओळख पटेना म्हणून एकमेकींनाही मारू लागल्या. अंगणाला देवघराचा वास आणि आखाड्याचा आवाज येत होता.

शुक्रवारी संध्याकाळी देवानंदराव इनायतुल्लाबरोबर त्याच्या ओट्यावर चहा घेत बसले. पाटलीण देवानंदरावांच्या मांडीवर होती. तिनं दिवसभरात एक दाणाही घेतला नव्हता.

"सोमवारी निंगनार काय काका मंग?" इनायतुल्लानं विचारलं. "आमी दाने टाकत जाऊ."

"दाने टाकशीन गा. पन ते खाईन तं ना."

रस्त्यावरून अकोल्याला जाणारी बस गेली. खिडकीतून कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं.

"आता पाय," देवानंदराव बसकडे बघत म्हणाले, "स्टँडवर गाडी उभी राह्यली का भांडन. ही माही जागा, हा तुहा पाय, हे तुहं गाठोडं. कॉलर धरतेत एकमेकाची. अन् गाडी हालली का पाच मिन्टात डबे उघडतेत. पूर्नेचा पूल येयेपर्यंत एकमेकाच्या घरच्या सोयरिकी जुळवतेत. एकतीस वर्सं पायलं मी. उभ्या गाडीत कोनाचंच जमत नाई, अन् चालत्या गाडीत सगळ्याइचं जम—"

ते मध्येच थांबले. त्यांनी मांडीवरच्या कोंबडीकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या इनायतुल्लाच्या ऑटोकडे पाहिलं.

"काका," इनायतुल्ला सावधपणे म्हणाला, "तुमी जे सोचून राहिले ना..."

"उद्या अकोल्याले रिकामी गाडीच नेतो ना तू?"

घरात शकीलाच्या हातून भांडं पडलं. "तौबा!" तिचा आवाज आला. "कोंबड्यायले अकोला दाखवाले नेता काय आता?"

शनिवारी सकाळी खुराडं ऑटोत चढलं. लाकडी पेटी, समोर जाळी, आत दांडी आणि दांडीखाली पाचही कोंबड्या. देवानंदराव मागेच, पोत्यावर, जाळीला तोंड करून बसले. त्यांच्या अंगात जुना खाकी सदरा होता. हाताला आला म्हणून घातला असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं.

आत लढाई पेटलेलीच होती. पिसं जाळीतून बाहेर येत होती. पार्बताबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हसत होत्या की काय, ते दिसत नव्हतं. देवानंदरावांनी ऑटोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. इनायतुल्लानं गिअर टाकला. ऑटोला धक्का बसला, तो थरथरला आणि निघाला.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आवाज बंद झाला होता.

देवानंदरावांना आधी वाटलं की सगळ्या मेल्या. त्यांनी वाकून पाहिलं. पाचही कोंबड्या दांडीवर होत्या. नखं आवळून, माना लांब करून, प्रत्येक खड्ड्याला एकदम खाली आणि एकदम वर होत होत्या. दांडी सोडली तर पडू हे पाचही जणींना कळलं होतं, आणि दांडी धरून भांडता येत नाही. आता कुणी म्हणेल यात नवल ते काय. पण ज्यानं तीन दिवस ती मारामारी पाहिली होती, त्याला त्या पाच हलणाऱ्या माना पाहून हात जोडावेसे वाटले. देवानंदरावांनी जोडलेही.

"काय झालं काका?" पुढून आवाज आला.

"चूप झाल्या! इनायत, चूप झाल्या रे!"

इनायतुल्लानं आनंदानं ब्रेक दाबला. ऑटो थांबला, आणि मागं पुन्हा कुरुक्षेत्र सुरू झालं.

"हालव! हालव!" देवानंदराव ओरडले.

त्यानंतर ऑटो थांबवणं शक्य राहिलं नाही. इनायतुल्लाला डिझेल भरायचं होतं. पंपावर तीन मिनिटांत पाटलिणीच्या शेपटाची दोन पिसं गेली. रोजच्या टपरीवर चहा घ्यायचा होता. टपरीवाला कप घेऊन ऑटोबरोबर पळाला, आणि कप परत द्यायचा राहून गेला तो राहिलाच. एका फाट्यावर ओळखीच्या गृहस्थानं हात केला, त्याला इनायतुल्लानं "चालत्या गाडीत बसा जी, थांबता येत नाई!" असं सांगितलं. ते गृहस्थ ब्रेक फेल झाले असं समजून शेतात उतरले. आणि प्रत्येक वेळी ऑटो चालू झाला की पाच माना पुन्हा एका ओळीत वर-खाली होऊ लागायच्या. देवानंदरावांची नजर हलत नव्हती.

पूर्णेच्या पुलावर कापसाचा ट्रक बंद पडला होता.

पुढं गाड्या, मागं गाड्या. ऑटो मधोमध अडकला. खुराड्यात पहिली धडक बसली. उघड्या मानेचीनं पाटलिणीला दांडीवरून खाली पाडलं आणि बाकीच्या तिघी वरून उतरल्या. पाटलीण या वेळी उठली नाही. ती कोपऱ्यात डोळे मिटून बसली आणि टोचे खात राहिली. देवानंदरावांनी जाळीतून हात घातला, पण हात पुरेना.

"हालव इनायत! मरते ते!"

"कुठी हालवू काका? समोर ट्रक हाय!"

देवानंदरावांनी खाली उडी मारली. साठीचा माणूस, गुडघे कुरकुरणारे. त्यांनी ऑटोचा मागचा दांडा धरला आणि ऑटो हलवायला सुरुवात केली. पुढं नाही आणि मागं नाही, जागच्या जागी. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. इनायतुल्ला उतरला आणि दुसरी बाजू धरली. दोघांच्या ताकदीनं ऑटो नुसता कण्हत होता. मागे उभ्या असलेल्या जीपमधून आठ-दहा प्रवासी तमाशा पाहायला उतरले.

"काय जी, गाडी फसली काय?" एकानं विचारलं.

"नाई, नाई. हालवा लागते. आत कोंबड्या हायेत."

"इकाले नेऊन राहिले?" एका म्हातारीनं विचारलं.

"नाई माय. फिरवाले."

"फिरवाले?"

"अकोल्याले जाऊन परत आनाच्या हायेत. चालत्या गाडीत भांडत नाईत त्या."

म्हातारीनं जाळीतून आत पाहिलं. डोळे मिटून बसलेली पाटलीण तिला दिसली. मग तिनं पदर खोचला. "माह्या जलमात मले कोनी असं फिरवलं नाई," ती म्हणाली, आणि तिनं ऑटोला हात लावला.

मग जीपवाल्यांनी लावला. मग ट्रॅक्टरवाल्यानं. सांगणारे सांगतात की एकोणीस माणसं होती. मी म्हणतो बारा धरा, तरी पुष्कळ झाली. एवढ्यात गर्दी पाहून हवालदार आला. सकाळपासून तो पुलावर ड्रायव्हरांची भांडणं सोडवत होता.

"काय चाललं हे? उभी गाडी काहून हालवून राहिले?"

"साहेब, थांबली का मारामाऱ्या होतेत," देवानंदराव धापा टाकत म्हणाले.

हवालदारानं पुलावरच्या शंभर उभ्या गाड्यांकडे एक नजर टाकली. त्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं काठी काखेत मारली आणि दोन्ही हातांनी दांडा धरला.

ऑटो डुलू लागला. चौघी तलंगा घाबरून दांडीवर चढल्या. खाली पाटलीण एकटी, पेटीच्या तळाशी, या बाजूनं त्या बाजूला घरंगळत होती. मग तिनं एक डोळा उघडला. पंख पसरले. आणि सात वर्षांची, आठवडाभराची उपाशी ती कोंबडी एका हेलकाव्याचा नेम धरून उडाली आणि दांडीवर येऊन बसली. भिंतीकडची जागा गेली होती. ती मधोमध बसली. त्याच क्षणी ऑटो उजवीकडे कलला आणि उघड्या मानेचीचा तोल गेला. ती पाटलिणीच्या अंगावर कोसळली. पाटलीण हलली नाही. नखं आवळून तिनं आपलं आणि त्या पोरीचं असं दोघींचं वजन धरून ठेवलं. उघड्या मानेची सावरली, पण परत दूर झाली नाही. तशीच तिला टेकून बसली.

"माय व!" म्हातारी म्हणाली.

खाली पूर्णेचं पाणी वाहत होतं आणि वर एवढी माणसं एका खुराड्याकडे पाहत उभी होती. ट्रक निघून गेला होता, रस्ता मोकळा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, तरी दोन मिनिटं ऑटो हलवायचं कुणी थांबलं नाही.

अकोल्यात जुन्या शहरात हसनैनच्या घरासमोर इनायतुल्लानं ऑटो उभा केला. इंजिनाचा आवाज बंद झाला. देवानंदराव, इनायतुल्ला आणि घरातून बाहेर आलेला हसनैन तिघंही जाळीपुढे उभे राहिले.

"वापस घेऊन आले?" हसनैनचा चेहरा पडला. "काय खोट निंगाली आमच्या कोंबड्यायत?"

"शू!" इनायतुल्ला म्हणाला.

"पन झालं काय? कोनी मेलं काय?"

"शू!" आता देवानंदराव.

मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली. गाडी उभी होती आणि आत शांतता होती. काळीनं पाटलिणीच्या मानेवरचं एक विस्कटलेलं पीस चोचीनं सरळ केलं. देवानंदरावांनी मूठभर ज्वारी आत टाकली. पाचही जणी खाली उतरल्या. आधी पाटलिणीनं खाल्लं, बाकीच्या थांबल्या. मग सगळ्यांनी खाल्लं. खाली सांडलेलं, कुणी हातात न धरलेलं, कुणी गोष्टी न सांगितलेलं धान्य ती टकटक वेचत होती.

देवानंदरावांना रडू आलं. भर रस्त्यात, परक्या गावात, खाकी सदऱ्याच्या बाहीनं ते डोळे पुसू लागले. हसनैननं इनायतुल्लाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तबियत बरी हाय ना यायची?"

दिवस मावळायच्या आत ऑटो परत दर्यापुरात आला. वाटेत पंपावर थांबला, टपरीवर थांबला, मागून एक आवाज नाही. खुराडं अंगणात जागच्या जागी ठेवलं. शकीला भिंतीवरून पाहून गेली आणि "अल्लाची करनी" म्हणाली. पार्बताबाईंनी देवानंदरावांना पाण्याचा तांब्या दिला.

"मंग? आता येता ना पुन्याले?"

"येतो. सदरे टाक माहे दोन पिशवीत." त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "झोपवून येतो हिले."

रोज संध्याकाळी ते खुराड्यात हात घालून पाटलिणीची मान खाजवायचे. त्याशिवाय ती डोळे मिटत नसे. पार्बताबाई आत गेल्या. सदरे घड्या करत होत्या तोवर अंगणातून "आई गं!" असा आवाज आला. देवानंदराव उजवा हात डाव्या हातात धरून दारात उभे होते. बोटातून रक्त येत होतं.

"काय झालं?"

"मारलं."

"कोनं? त्या उघड्या मानेचीनं?"

"पाटलिणीनं." पोरगी बोर्डात पहिली आल्यासारखं ते सांगत होते. "आधी तिनं मारलं. मंग बाकीच्या चौघीयनं. जाळीवर धावून आल्या माह्या. हात आत घालू देल्ला नाई. पार्बता, एक झाल्या व त्या! गाडीतले लोक एक झाले का आधी कंडक्टरवरच येतेत, हे मी इसरलोच होतो."

पार्बताबाईंनी त्यांना बाजेवर बसवलं, हळद आणली आणि बोट धरलं. देवानंदराव हसत होते. पार्बताबाईंनी वर पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दुखते काय?"

"नाई व."

पार्बताबाई चिंधी बांधत राहिल्या. चिंधीची गाठ मारून झाली तरी त्यांनी हात सोडला नाही.

"दुखते," देवानंदराव म्हणाले. "थोडंसं."

मग त्यांना राहवेना. "तू ये तं. पाय तं कशा बसल्या."

दोघं पाय न वाजवता अंगणात गेले आणि जाळीपुढे वाकले. दांडीवर पाचही कोंबड्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या, मध्ये पाटलीण. काळीची मान तिच्या पंखाखाली होती. पार्बताबाईंनी कौतुकानं जीभ टाळूला लावली, "च्च" असा बारीकसा आवाज झाला. पाचही माना एकदम वळल्या. दहा डोळे त्या दोघांवर रोखले गेले. ते डोळे पाहून दोघंही दोन पावलं मागे सरकले.